लागू पडलेला अर्क

एखाद्याला आपण “काय अर्क आहे!” म्हणतो तेव्हा तो माणूस बारा गावचं पाणी प्यालेला असतो, बोलता बोलता समोरच्याला खिशात घालणारा. माझा मामा जन्मभर अर्क काढतो, आणि त्याच्याइतका अर्क नसलेला माणूस मी पाहिलेला नाही. भाजीवाली त्याच्या पिशवीत मऊ पडलेले टोमॅटो टाकते आणि म्हणते, बघा कसे लालबुंद आहेत. मामा वाकून बघतो आणि म्हणतो, हो, लाल आहेत खरे. घरी आल्यावर मी ओरडते. तो म्हणतो, “अगं, लाल होतेच ना ते. ती खोटं कुठे बोलली?”

त्याची नोकरी एका प्रयोगशाळेत. तळमजल्यावर एक लांबट खोली, खिडक्यांखाली जाळीचे ट्रे, आणि ट्रेमध्ये वाळत घातलेली पानं, साली, मुळ्या, कसली कसली बोंडं. त्यांना ऊन लागू द्यायचं नाही, सावलीतच वाळवायचं. वाळलं की दळायचं, दळलं की स्पिरिटमध्ये भिजत घालायचं, मग गाळायचं. गाळलेला रस गोल पोटाच्या काचेच्या चंबूत ओतायचा आणि चंबू कोमट पाण्यात तिरका ठेवून फिरवत राहायचा. फिरवायचं काम यंत्रच करतं, पण मामा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतो. आपण उठलो तर ते रुसेल असं त्याला वाटत असावं. स्पिरिट उडून जातं आणि तळाशी डिंकासारखं काळपट हिरवं काहीतरी उरतं. तो अर्क. तो खरवडून इवल्याशा बाटलीत भरायचा आणि वरच्या मजल्यावर द्यायचा. वर काचेच्या बशांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या असतात. त्यांच्यावर हा अर्क घालून बघतात. पेशी मेल्या तर त्या अर्काचं पुढचं काम सुरू होतं, नाही मेल्या तर दुसरा पाला.

मामाने दुसरी नोकरी कधी केली नाही. प्रयोगशाळेतली पोरंपोरी त्याला अर्ककाका म्हणतात आणि तो ओ देतो. मी शिवणकाम करते, त्यामुळे त्याच्या शर्टांची झिजलेली कॉलर उलटून द्यायचं काम माझ्याकडे. त्या कापडाला स्पिरिटचा आणि वाळक्या गवताचा असा काही वास मारतो की नवख्या माणसाला वाटावं, स्वारी रात्रभर पिऊन शेतात झोपली होती. रस्त्याने चालताना त्याचं लक्ष माणसांकडे नसतं, कुंपणांकडे असतं. मालकाला विचारल्याशिवाय तो पान तोडत नाही. विचारायला गेला की मालक आधी संशयाने बघतो, मग आपल्या गुडघेदुखीवर उपाय विचारतो. मामा सांगतो, डॉक्टरांकडे जा. तो स्वतः रक्तदाबाची गोळी सकाळी न चुकता घेतो. ह्यावरून समोरच्या काकूंनी एकदा त्याला धरलं होतं. “तुम्ही झाडपाल्यावाले आणि गोळ्या खाता?” मामा म्हणाला, “हो, त्यांनी रक्तदाब उतरतो.”

लग्न त्याने केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, विचारतो कुणाला तरी. मी केलं होतं, ते टिकलं नाही, आणि त्यात सांगण्यासारखंही काही नाही. मी आईजवळ राहायचे. मामा दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण जेवायला आमच्याकडेच असायचा.

आई त्याची मोठी बहीण. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा आई नुकती टेलिफोन खात्यात लागली होती आणि मामा शाळेत होता. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, परीक्षेच्या दिवशी हाताला धरून केंद्रावर सोडलं. म्हणायला बहीण-भाऊ, पण मला कायम वाटायचं की आईला मी धाकटी आणि मामा थोरला. आईचा आवाज खणखणीत होता. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेली बाई, ती हळू बोलली तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. मामा काम संपलं की तिला फोन करायचा. थोड्या वेळाने जेवायला येणारच असायचा, तरीसुद्धा करायचा. बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काही नसायचं. पण अधूनमधून त्याचा आवाज वेगळा लागायचा.

“ताई, आज लागू पडलं!”

“कशाचं रे?”

“त्या रेल्वेच्या कुंपणावरच्या वेलीचं.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” आई म्हणायची. वेलीबद्दल ती काहीही म्हणालेली नसायची.

असे फोन वर्षानुवर्षं आले. मी मशीनवर बसून एका कानाने ऐकायचे आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायचे. आई मात्र ऐकलेलं सोडत नसे.

मग आईला खोकला लागला. आधी सर्दीचा वाटला, मग हवेचा, मग वयाचा. आवाज बसला तेव्हा ती म्हणाली, खात्याने घासून घासून वापरलाय, आता झिजायचाच. एकदा खोकताना रुमालावर रक्त दिसलं आणि मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. फोटो झाले, मोठं मशीन झालं, सुईने तुकडा काढून झाला. डाव्या फुप्फुसात, श्वासनळीला खेटून गाठ होती. कापून काढता येण्यासारखी जागा नव्हती. आईने उभ्या जन्मात सिगरेट ओढली नव्हती आणि हे ती दवाखान्यातल्या झाडूवाल्यालाही सांगत होती. कुठेतरी तक्रार नोंदवून घेतली जाईल असं तिला वाटत असावं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, “पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. केमोच्या ड्रिपने गाठ आटेल, श्वास मोकळा होईल, आणि वेळ मिळेल, तो किती ते आत्ता सांगता येणार नाही. मात्र ठरल्या दिवशी यायचं. मध्येच सोडलंत तर ती पुन्हा डोकं वर काढेल.”

पहिली ड्रिप आईला भारी गेली. पोटात पाणी ठरेना. बोटांना मुंग्या यायच्या, कप हातातून सुटायचा. उशीवर केस दिसायला लागले. मी तिचे कपडे आत घ्यायला काढले. एकदा घेतले, पुन्हा घ्यायला लागले, आणि दुसऱ्या वेळी शिलाई उसवताना मला मशीनवरच रडू आलं. गिऱ्हाईक आलं म्हणून डोळे पुसले.

अशात दुसरी ड्रिप जवळ आली. त्या सोमवारी जायचं होतं. आदल्या आठवड्यात समोरच्या काकू हिरव्या रसाची बाटली घेऊन आल्या, मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकवून गेल्या. मी बाटली मोरीत रिकामी केली. काकू वाईट नाहीत, पण ज्याला स्वतःचा घसा का धरलाय ते कळत नाही त्याने दुसऱ्याच्या कॅन्सरवर बोलू नये, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. मला वाटलं विषय संपला. विषय काकूंचा नव्हताच. त्याच संध्याकाळी मामा जेवायला बसला आणि आईने जाहीर केलं, “मी सोमवारी जाणार नाही.”

“का?” मामाचा घास हातात राहिला.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे शोभतं का आपल्याला? घरात औषध असताना मी परक्या दारात ओकाऱ्या काढत कशाला बसू? तू दे.”

“मी काय देऊ?”

“अर्क.”

मामाला बोलायला वेळ लागतो. त्याने घास खाली ठेवला, पाण्याचा घोट घेतला, आणि त्याला सुचलेली सगळ्यात चांगली गोष्ट काढली. “ताई, ती ड्रिपसुद्धा झाडाचीच आहे. एका झाडाच्या सालीत सापडलेलं औषध आहे ते.”

त्याला वाटलं जिंकलो. मलाही वाटलं.

आई उठून बसली. “म्हणजे झाडाचीच साल उकळून देतात आणि वर एवढा थाट! मग तू साल आण. आपल्या गॅसवर उकळू.”

“तसं नसतं गं. अख्ख्या झाडाची साल सोलली तर चिमूटभर निघतं. आणि त्याच झाडाचा पाला खाऊन गुरं मरतात.”

“मी काय ढोर आहे?”

“तसं नाही...”

“बरं, दोन्ही घेते. ड्रिप त्यांची, अर्क तुझा.”

“नाही, दोन्ही तर अजिबात नाही. शरीरात एकाचं दुसऱ्याशी काय होईल सांगता येत नाही. ड्रिपचा उपयोगच जायचा कदाचित.”

आईचा आवाज तेव्हा हवा गेलेल्या चाकासारखा झाला होता, पण राग त्यातूनही ऐकू आला. “वर्षानुवर्षं मला फोन करतोस. लागू पडलं, लागू पडलं! त्या सगळ्यांना दिलंस. बहिणीची पाळी आली तेव्हा हात आखडला?”

“कुणाला दिलं मी?” मामा खरोखरच गोंधळला होता.

“ज्यांना लागू पडलं त्यांना!”

मला तेव्हा कळलं. आपल्याकडे औषध लागू पडलं म्हणजे माणूस बरा झाला. डोकं दुखत होतं, गोळी घेतली, थांबलं, लागू पडलं. मामाच्या कामावर मात्र बशीतल्या पेशी मेल्या की म्हणतात लागू पडलं. तो तिथला शब्द तसाच फोनवर घेऊन यायचा आणि आई आपल्या शब्दाने तो ऐकायची. एवढी वर्षं ती धरून चालली होती की कुठे वेलीने कुणी उठून बसलंय, कुठे सालीने कुणी घरी गेलंय. जन्मभर अचूक फोन जोडणाऱ्या बाईच्या घरात हा राँग नंबर वर्षानुवर्षं लागत होता आणि दोन्ही टोकांची माणसं खुशीत बोलत होती.

मामाने ताट बाजूला सरकवलं. “ताई, ती माणसं नव्हती. पेशी होत्या. बशीत.”

“पेशी माणसांच्याच ना?”

“माणसांच्याच, पण...”

“मग झालं तर.” आईने भिंतीकडे तोंड केलं. “नसेल द्यायचं तर नको देऊस. पण मी तिकडे जाणार नाही.”

नंतरचे दोन दिवस मी डॉक्टरीणबाईंचा निरोप सांगितला, मामाने पेशी म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, दे मग. मी मामाला जिन्यात गाठलं. “साखरेचं पाणी कर, थोडा कडू पाला घाल, अर्क म्हणून दे, आणि त्याच्या जोरावर ड्रिपला नेऊ.” मला अजूनही वाटतं की ही कल्पना वाईट नव्हती. मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगितली होती.

“ताईला खोटं सांगू?”

“तिच्या भल्यासाठी.”

“तिने मला कधी खोटं सांगितलं नाही.” तो खाली उतरला, पुन्हा दोन पायऱ्या वर आला. “शुक्रवारी तिला माझ्याकडे घेऊन ये. कामावर.”

शुक्रवारी रिक्षा केली. प्रयोगशाळेत लिफ्ट होती, पण सामानाची, आणि नेमकी बंद. मामाने जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवली होती. आई तिथे बसली, दम घेतला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तपासायला आल्यासारखी बघत राहिली. वरच्या मजल्यावरच्या मॅडम स्वतः पुढे आल्या. पेशींच्या खोलीत बाहेरच्यांना जाता येत नाही, म्हणून त्यांनी काम संपलेल्या, टाकून द्यायच्या बशा बाहेरच्या टेबलावर आणवल्या होत्या. मामाला म्हणाल्या, “तुम्हीच सांगा. मी सांगायला गेले की भाषण होतं.” आणि बाजूला हात बांधून उभ्या राहिल्या. मला बाई आवडल्या.

मामाने सूक्ष्मदर्शक आईच्या उंचीला आणला. आईने चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“ही पहिली. ह्या कॅन्सरच्या पेशी आहेत. ह्यांना काही दिलेलं नाही.”

आईने बराच वेळ बघितलं. “एकमेकींच्या अंगावर चढल्यात.”

“हो. त्यांना जागा कळत नाही.”

“माझ्या आत आहेत त्या अशाच?”

“बहुतेक अशाच. ह्या दुसऱ्या कुणाच्या तरी आहेत.”

“कुणाच्या?”

“नाव माहीत नाही, ताई. फार जुन्या आहेत. माणूस केव्हाच गेलं, ह्या राहिल्या.”

मामाने दुसरी बशी सरकवली. “ह्याच पेशी. ह्यांना माझा अर्क दिलाय.”

मीही वाकून बघितलं. गोल गोल ठिपके, तळापासून सुटलेले, नुसते तरंगत होते. आईचा चेहरा उजळला. “मेल्या की रे! सगळ्या मेल्या!”

“मेल्या. ह्यालाच मी लागू पडलं म्हणायचो.”

“मग अडलं कुठे?”

मामाने तिसरी बशी हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिला. मला वाटलं ठेवून देतो आता. मग त्याने ती काचेखाली लावली.

“ह्या पण मेल्यात,” आई म्हणाली.

“ह्या कॅन्सरच्या नाहीत, ताई. चांगल्या फुप्फुसाच्या आहेत. तोच अर्क दिला होता, तेवढाच.”

आईने डोळा काढला नाही. टेबलाची कड तिने धरली होती. मग म्हणाली, “चांगल्या जिवंत असताना कशा दिसतात?”

मामाकडे तीही बशी होती. मी बघितलं तर लांबट, शांत पेशी, एका दिशेला पडलेल्या, एखाद्या चांगल्या कापडाच्या विणीचा कल असतो तशा. आईने ती बशी सगळ्यात जास्त वेळ बघितली.

“म्हणजे तुझा अर्क ओळखत नाही कुणाला मारायचं.”

“नाही ओळखत. बहुतेक नाहीच ओळखत. क्वचित एखादा ओळखतो. मग आम्ही त्याचे भाग पाडतो, नेमका कशात गुण आहे ते शोधायला, आणि भाग पाडले की गुण नाहीसा होतो. गुण राहिला तर तो पोटात गेल्यावर फुप्फुसापर्यंत पोचत नाही. पोचला तर लिव्हर बिघडवतो.”

“तुझ्या अर्काने आजपर्यंत किती माणसं बरी झाली?”

मॅडम काहीतरी बोलायला पुढे झाल्या. आईने त्यांच्याकडे न बघता हात वर केला, खात्यात असताना मध्येच कुणी बोलायला आलं की करायची तसा. मॅडम थांबल्या.

“एकही नाही,” मामा म्हणाला.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मॅडमना माहीत होतं, वरच्या मजल्यावरच्या पोरापोरींनाही. पण त्या इमारतीत हे कुणी असं मोठ्याने कधी विचारलं नसावं. मला मामाचा इतका कळवळा आला की आईचा राग आला.

“मग इतकी वर्षं तू केलंस काय रे?”

आई चिडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मामाने बशा एकावर एक रचल्या. “नाही म्हणत होतो, ताई. ह्यात नाही. ह्यातही नाही. एवढंच केलं.”

आईने चष्म्यासाठी माझ्यापुढे हात केला. चष्मा लावून तिने भावाकडे नीट बघितलं. “आणि ती ड्रिप? ती ओळखते?”

“पूर्ण नाही ओळखत. म्हणून तर केस गेले, बोटांना मुंग्या आल्या. पण थोडं ओळखते. किती द्यायची, किती दिवसांनी द्यायची, ते हजारो माणसांवर बघितलेलं आहे. त्या सालीला झाडापासून दवाखान्यापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागली. कितीतरी लोक लागले.”

आई माझ्याकडे वळली. “सोमवारी किती वाजता जायचंय?”

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी मात्र घरापर्यंत देवाचे, डॉक्टरांचे आणि मॅडमचे आभार मानत होते. मामाचे मानायचे राहून गेले, कारण तो आमचाच.

आई सोमवारी गेली. दुसरी ड्रिपही भारीच गेली, पण ह्या वेळी तिने तक्रार केली नाही, नुसत्या शिव्या दिल्या. घोळ झाला तो मामाचा. तो कामावर जाईना. ताईची काळजी घ्यायला रजा काढलीय म्हणाला, आणि सकाळपासून आमच्याकडे येऊन बसायला लागला. काळजी म्हणजे काय, तर आईच्या उशीपाशी बसायचं आणि ती झोपली की माझ्या मशीनपाशी येऊन बसायचं. माझ्या रिळांचे रंग लावून झाले. कात्र्यांना तेल घालून झालं. माझं डोकं उठलं. मॅडमचा फोन आला की तो वाजू द्यायचा.

“जा ना रे कामावर,” मी म्हटलं. “इथे मी आहे.”

“जाऊन करू काय?” तो म्हणाला. “तिथे माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. कधी अडलं नव्हतं.”

बाजारातून येताना मी मुद्दाम त्याच्याबरोबर चालले. आमच्या वाटेवर एका कुंपणावर कुठलंसं नवीन झुडूप बाहेर आलं होतं, बारीक जांभळी फुलं. एरवी मालकाची बेल वाजली असती. मामा खाली बघत पुढे गेला. मला धस्स झालं. एक आजारी माणूस घरात होतंच, हे दुसरं कुठून काढायचं? आईला सांगावं तर तिला वाटेल आपल्यामुळे झालं, आणि झालं तिच्यामुळेच होतं. मी मूग गिळून बसले. पण आईला न सांगता काही कळत नाही असं कधी झालंय? ती झोपेचं सोंग घेऊन त्याच्याकडे बघत पडलेली असायची.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण कुणाला उगाच टांगून ठेवायला मला आवडत नाही. गाठ निम्म्याहून जास्त आटली. आवाज थोडा परत आला, शेजारच्या घरात जाण्याइतका नाही, पण माझ्याशी भांडण्याइतका. बराच काळ गाठ गप्प राहिली, आणि मग ड्रिप न चुकवूनही पुन्हा वाढली, पूर्ण बरं होईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच नव्हत्या. आई गेली. मधल्या काळात तिने घरातले पडदे बदलायला लावले, काकूंशी समेट केला, मला पुन्हा लग्नाचं विचारून पाहिलं. तो काळ आम्हाला मिळाला. मला तिची रोज आठवण येते.

पण मला सांगायचाय तो तिसऱ्या ड्रिपचा दिवस. ड्रिपच्या हॉलमध्ये मोठ्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात आणि माणसं हाताला नळी लावून बसलेली असतात. आईच्या शेजारी एक रंगारी होता. घरं रंगवणारा. नखांच्या कडांत पांढरा रंग कायमचा बसलेला, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यालाही तोच आजार होता. मामा आईच्या पायाशी स्टुलावर बसला होता. रंगाऱ्याने विचारलं, “हे कोण?”

“भाऊ माझा,” आई म्हणाली.

“काय करतात?”

मामा उठायला लागला. पाणी आणतो म्हणाला. पाणी समोरच होतं.

“बस,” आई म्हणाली. मग रंगाऱ्याकडे वळून म्हणाली, “औषध शोधतो. झाडापाल्यातून. ह्याच आजारावरचं, तुमच्या आणि माझ्या.”

रंगारी खुर्चीत सरळ झाला. नळी ताणली गेली, नर्स ओरडली. पलीकडच्या खुर्चीवरची बाईसुद्धा मान वळवून बघायला लागली. “सापडलं का?”

मामाने मान खाली घातली. मी आईकडे बघितलं. घाबरले होते मी. एवढ्या लोकांत ती पुन्हा काहीतरी फुगवून सांगेल असं वाटलं, किंवा त्याहून वाईट, ती खरं सांगेल.

“नाही,” आई म्हणाली. तिने शब्द सावकाश, एकेक करून सांगितले, कारण दम पुरवून वापरायला लागायचा. “अजून नाही. बरंच काही सापडल्यासारखं वाटतं, ते हा नीट बघतो आणि टाकून देतो. हा टाकत नसता ना, तर आज आपल्या हाताला कुणी काहीही टोचलं असतं. सापडेल तेव्हा ते खरं असेल. आपण तेवढं थांबायचं.”

रंगाऱ्याने मामाकडे बघितलं, वर टांगलेल्या पिशवीकडे बघितलं, आणि टोपी कानावर ओढून पुन्हा मागे टेकला.

“थांबू की,” तो म्हणाला. “आपल्याला कुठे जायचंय?”

आई हसली, हसताना खोकली, आणि तिचं खोकणं थांबेपर्यंत रंगारीही हसत होता. मामा उठून बाहेर गेला. ह्या वेळी तिने त्याला बस म्हटलं नाही. मला वाटलं तो रडायला गेला असेल, म्हणून मी थोड्या वेळाने मागोमाग गेले. तो कॉरिडॉरच्या टोकाला, मोबाइल कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून बोलत होता.

“मॅडम, मी बोलतोय,” तो म्हणत होता. “उद्या सकाळी कामावर येतो, जरा उशीर होईल. येताना वाटेत एका घरी बेल वाजवून थोडा पाला मागायचाय.”